बर्लिनमध्ये राहिलेली चित्रे : काझिमिर मालेविच, १९२७

३० मे १९२७ रोजी बर्लिनमध्ये चित्रकार काझिमिर मालेविचने एका कागदावर काही ओळी लिहिल्या. आपला मृत्यू झाला किंवा आपल्याला अन्यायाने तुरुंगात टाकले, आणि ही हस्तलिखिते ज्याच्याकडे असतील त्याला ती छापावीशी वाटली, तर आधी त्यांचा अभ्यास करावा आणि मग ती दुसऱ्या भाषेत न्यावीत, असा त्या ओळींचा आशय होता. त्याचे कारणही त्याने दिले होते. हे सगळे लिहिले तेव्हा आपण क्रांतीच्या प्रभावाखाली होतो. आज, १९२७ मध्ये, आपण कलेची बाजू ज्या रीतीने मांडतो तिच्याशी त्यातले काही जुळणार नाही.

तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. सहा दिवसांनी, ५ जूनला, तो लेनिनग्राडकडे परत निघाला. त्याची सत्तरच्या आसपास चित्रे आणि रेखाटने बर्लिनच्या प्रदर्शनात लागलेली होती. ती तिथेच राहिली. मालेविच त्यानंतर पुन्हा कधीही जर्मनीत येऊ शकला नाही.

मालेविचबद्दल लिहिणारे बहुतेक जण १९१५ च्या ‘काळा चौकोन’ या चित्रापाशी थांबतात. मला मात्र त्याचे आयुष्य समजून घ्यायला १९२७ चा हा प्रसंग जास्त उपयोगी वाटतो. एका कलावंताची जन्मभराची कमाई एका देशात आणि तो स्वतः दुसऱ्या देशात, अशी ताटातूट झाली तेव्हा माणसाचे काय झाले, चित्रांचे काय झाले, आणि ती चित्रे शेवटी कोणाची ठरली, हे या प्रकरणात वर्षावार पाहता येते.

संस्था बंद पडते

मालेविचचा जन्म १८७९ चा, कीव्हमधल्या पोलिश कुटुंबातला. वडील साखर कारखान्यांत कामाला होते, त्यामुळे बालपण युक्रेनमध्ये, बीटच्या शेतांच्या आसपास, गावे बदलत गेले. शेतकरी बायका घराच्या भिंती आणि चुली रंगवायच्या, त्या पाहत आपण चित्रकलेकडे वळलो, असे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे कुर्स्कला रेल्वेच्या कचेरीत आरेखकाची नोकरी, मग मॉस्को. डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या ‘०.१०’ या प्रदर्शनात त्याने वस्तूंचा मागमूस नसलेली ३९ चित्रे मांडली. त्यांतला काळा चौकोन त्याने खोलीच्या वरच्या कोपऱ्यात लावला. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते. पाहणाऱ्यांना जे समजायचे ते समजले, आणि अनेकांना रागही आला.

या कलेला त्याने सुप्रिमॅटिझम हे नाव दिले. जगातल्या वस्तूंची नक्कल करण्याचे ओझे चित्राने उतरवून ठेवावे, मग जी शुद्ध संवेदना उरेल तिचेच चित्र व्हावे, हा त्याचा आग्रह. १९१८ मध्ये पांढऱ्यावर पांढरा चौकोन काढून झाल्यावर त्याने ब्रश जवळपास खाली ठेवला आणि लेखन, शिकवणे, संशोधन यांत तो बुडाला. १९१९ मध्ये व्हितेब्स्कच्या कलाशाळेत गेला, तिथे विद्यार्थ्यांबरोबर ‘उनोविस’ हा गट उभा केला. एल लिसित्स्की, निकोलाय सुएतिन, इल्या चाश्निक, वेरा येर्मोलायेवा ही मंडळी त्याच्याभोवती जमली. १९२० मध्ये झालेल्या मुलीचे नावही त्याने ‘उना’ ठेवले.

१९२३ पासून लेनिनग्राडमध्ये (म्हणजे पूर्वीच्या पेट्रोग्राडमध्ये) तो ‘गिनखुक’ या सरकारी कलासंस्कृती संस्थेचा प्रमुख होता. तिथले त्याचे काम प्रयोगशाळेसारखे चाले. प्रत्येक चित्रपद्धतीत एक ‘अधिक घटक’ असतो आणि तो रोगजंतूसारखा चित्रकाराच्या हातात शिरून त्याची सगळी सवय बदलून टाकतो, असा त्याचा सिद्धांत होता. क्षयाच्या जंतूचा दाखला त्याने स्वतःच दिला आहे. सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रात हा घटक तंतूसारखी वळणदार रेषा, वस्तू भौमितिक आकारांत मोडणाऱ्या क्युबिझममध्ये विळ्यासारखा आकार, सुप्रिमॅटिझममध्ये सरळ रेषा. विद्यार्थी कोणता घटक घेऊन आला आहे हे तो तपासे, त्याच्या कामात दुसऱ्या पद्धतीचा घटक सोडे आणि काय होते त्याची नोंद ठेवी. या नोंदींचे मोठे तक्ते तयार होत. सिद्धांत पटो न पटो, चित्रकला शिकवताना असा शिस्तीने विचार करणारी माणसे तेव्हा सगळ्या युरोपात मोजकीच होती.

जून १९२६ मध्ये ‘लेनिनग्राद्स्काया प्रावदा’त एक लेख आला. सरकारच्या पैशावर मठ चालवला जातोय, असा त्यात गिनखुकवर आरोप होता. वर्ष संपेपर्यंत संस्था मोडीत निघाली. मालेविचच्या परदेश दौऱ्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. मार्च १९२७ मध्ये तो वॉर्सॉला पोचला तेव्हा त्याच्या पाठीशी संस्था उरलेली नव्हती, आणि सामानात फक्त चित्रे नव्हती. तक्तेही होते, हस्तलिखितेही होती. महिना-दोन महिन्यांच्या प्रदर्शनाला निघालेला चित्रकार एवढे सगळे बरोबर घेत नाही.

बर्लिनमधले दोन महिने

वॉर्सॉत हॉटेल पोलोनियामध्ये त्याची चित्रे लागली, मेजवानी झाली, व्याख्यान झाले, आणि बऱ्याच वर्षांनी त्याला आपल्या घरची भाषा लोकांत बोलायला मिळाली. मार्चच्या अखेरीस तो बर्लिनला आला आणि फॉन रीझेन कुटुंबाकडे उतरला. घरातले गुस्ताव्ह फॉन रीझेन पूर्वी रशियात इंजिनियर होते. ७ एप्रिलला तो देसाऊला बाउहाउस या कला आणि वस्तुरचनेच्या शाळेत जाऊन वॉल्टर ग्रोपियस आणि मोहोय-नॉज यांना भेटला. अलेक्झांडर फॉन रीझेनने जर्मनमध्ये आणलेले त्याचे पुस्तक बाउहाउसच्या मालिकेत ११ वे म्हणून त्याच वर्षी निघाले. संपादकांनी प्रस्तावनेत लिहिले की मूलभूत प्रश्नांवर या लेखकाची भूमिका आमच्यापेक्षा वेगळी आहे, तरी आम्ही ते छापतो आहोत. हे वाक्य मला मोलाचे वाटते. बाउहाउसचा ओघ तेव्हा उपयोगी वस्तू आणि यंत्र यांच्याकडे होता, आणि हा माणूस कलेला कसलाही उपयोग चिकटवू नका म्हणत होता. मतभेद होता, पण त्यांनी त्याचे म्हणणे लोकांपर्यंत पोचू दिले. लेनिनग्राडमध्ये वर्षभरापूर्वी याच्या नेमके उलट घडले होते.

बर्लिनच्या मोठ्या वार्षिक कलाप्रदर्शनात त्याला स्वतंत्र दालन मिळाले. प्रदर्शन ७ मे ते ३० सप्टेंबर असे चालणार होते. मधेच त्याला परत बोलावणे आले.

इथे एक गोष्ट वेगळी काढून पाहायला हवी, कारण ती नेहमी सरमिसळ करून सांगितली जाते. मालेविचने बर्लिनमध्ये दोन प्रकारचा ऐवज ठेवला, आणि दोन्ही ठेवण्यामागची मनःस्थिती एक नव्हती. चित्रे भिंतीवर होती. प्रदर्शन चालू असताना ती काढून नेण्याचा प्रश्नच नव्हता. ती त्याने आर्किटेक्ट हुगो हेरिंगच्या देखरेखीखाली सोडली. हस्तलिखिते मात्र त्याला ट्रंकेत घालून सहज परत नेता आली असती. ती त्याने मुद्दाम फॉन रीझेनकडे ठेवली आणि सोबत तो तुरुंगाचा उल्लेख असलेला कागद लिहिला. म्हणजे चित्रे विश्वासावर राहिली आणि लेखन भीतीपोटी राहिले. त्या कागदाचा विषय हस्तलिखिते होता, आणि पुढे वाद झाला तो चित्रांवरून.

तो परत का गेला, असे आजचा वाचक विचारतो. घरी आई होती, सात वर्षांची मुलगी होती, बायको होती. आपण पुन्हा येऊ, चित्रे पुढे पॅरिसलाही नेऊ, अशी त्याला आशा होती. १९२७ मध्ये ही आशा वेडेपणाची नव्हती. सीमा अजून पुरत्या बंद झाल्या नव्हत्या.

हरवलेला भूतकाळ पुन्हा रंगवणे

या प्रकरणातला सर्वांत विलक्षण भाग लेनिनग्राडमध्ये घडला, आणि तो बराच काळ कोणाच्या लक्षातही आला नाही.

१९२९ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीने त्याचे एकट्याचे प्रदर्शन ठरवले. कलावंताची वाटचाल दाखवायची तर सुरुवातीची चित्रे हवीत, मधली हवीत. त्यांतली कितीतरी बर्लिनमध्ये अडकलेली. मालेविच पुन्हा ब्रश घेऊन बसला. त्याने काळा चौकोन नव्याने काढला. तो आज त्रेत्याकोव्हमध्ये १९१५ च्या मूळ चौकोनाबरोबर आहे. त्याने इंप्रेशनिस्ट ढंगाची कोवळ्या उन्हातली चित्रे काढली आणि त्यांच्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या तारखा घातल्या. रशियन म्युझियममधल्या फुले विकणाऱ्या मुलीच्या चित्रावर १९०३ साल आहे. ते काढले गेले १९३० च्या सुमारास. शेतकऱ्यांच्या चित्रांची एक पूर्ण मालिका झाली, आणि त्यांतल्या काहींच्या मागे ‘१९०९ चा विषय’ अशासारख्या नोंदी त्याने केल्या. अभ्यासकांनी या तारखा कित्येक दशके खऱ्या मानल्या आणि त्यांवरून त्याच्या विकासाची कहाणी लिहिली. ती उलगडायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

त्याने असे का केले याची उत्तरे वेगवेगळी दिली जातात. पोकळी भरून काढायची होती, हे एक. अधिकाऱ्यांना आवडणारे ओळखीचे आकार जुनी तारीख घालून दाखवले तर अंगाशी येणार नाही, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण मला त्याच्या शिक्षकी स्वभावाचे कारण सर्वांत वजनदार वाटते. गिनखुकच्या तक्त्यांत त्याने चित्रकलेचा क्रम आखला होता: इंप्रेशनिझम, सेझान, क्युबिझम, सुप्रिमॅटिझम. प्रत्यक्ष आयुष्यात तो इतक्या सरळ पायऱ्यांनी चढला नव्हता. आता तक्ते आणि चित्रे दोन्ही दूर असताना त्याने आपले आयुष्य त्या क्रमात बसवून पुन्हा रंगवले. तारखा खोट्या आहेत, हे म्हणायलाच हवे. संग्रहालयांनी पाटीवर खरे साल लिहावे हेही योग्य. पण या चित्रांना बनावट म्हणून बाजूला टाकणे मला मान्य नाही, कारण त्या आडोशाखाली त्याने आपल्या काळाबद्दल जे सांगितले ते उघडपणे सांगणे तेव्हा शक्य नव्हते.

पिवळ्या सदऱ्यातल्या माणसाचे चित्र घ्या. रंगीत पट्ट्यांसारखी जमीन, दूर लाल घर, त्याला खिडक्या नाहीत. पुढे उभा माणूस, त्याला चेहरा नाही. चित्राच्या मागे मालेविचने लिहिले आहे की ही रचना रितेपणा, एकटेपणा आणि जगण्यातून बाहेर पडायला वाट नसणे या संवेदनांच्या घटकांतून जमून आली. त्याखाली साल आहे १९१३. चित्र आहे १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांतले. १९२८ ते १९३० या काळात तो कीव्हच्या कलासंस्थेत शिकवायला जात असे. युक्रेनमध्ये तेव्हा सक्तीचे सामूहिकीकरण सुरू झाले होते. १९३२-३३ मध्ये तिथे दुष्काळ पडला आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. ज्या शेतकऱ्यांच्या भिंती पाहून तो चित्रकार झाला, त्यांचेच चेहरे या चित्रांतून पुसलेले आहेत. मी या चित्राची तारीख वाचतो तेव्हा मला त्यात लबाडी दिसत नाही. रितेपणाचे ते शब्द चालू सालाखाली लिहिले असते, तर त्यांची किंमत त्याला मोजावी लागली असती.

आणि किंमत त्याने तशीही मोजलीच. सप्टेंबर १९३० मध्ये त्याला अटक झाली. चौकशीत जर्मनीच्या दौऱ्याबद्दल, तिथल्या ओळखींबद्दल प्रश्न होते. डिसेंबरात सुटका झाली, पण तेवढ्या काळात जवळच्या माणसांनी घाबरून त्याचे काही कागद जाळून टाकले होते. बर्लिनच्या त्या कागदातली तुरुंगाची शक्यता तीन वर्षांत खरी झाली, आणि फॉन रीझेनकडे कागद ठेवण्याचा निर्णय किती शहाणपणाचा होता हेही दिसले.

१९३३ मध्ये त्याला कर्करोग झाला. उपचारासाठी परदेशी जाण्याची परवानगी मिळाली नाही. त्याच वर्षी काढलेल्या आत्मचित्रात तो रेनेसाँ काळातल्या माणसाच्या वेषात, हात पुढे करून उभा आहे, आणि सहीच्या जागी छोटा काळा चौकोन आहे. १५ मे १९३५ रोजी तो लेनिनग्राडमध्ये गेला. सुएतिनने सुप्रिमॅटिस्ट शवपेटी तयार केली, शववाहनाच्या ट्रकवर पुढे काळा चौकोन लावला होता. मॉस्कोत दहन झाले आणि अस्थी नेमचिनोव्हका गावात एका ओकखाली पुरल्या गेल्या. तिथली खूण महायुद्धात नाहीशी झाली.

राखणदार

प्रदर्शन संपल्यावर चित्रे पेट्यांत भरून बर्लिनमध्ये एका वाहतूक कंपनीच्या गोदामात गेली. १९३० मध्ये ती हॅनोव्हरच्या संग्रहालयाचा संचालक अलेक्झांडर डोर्नर याच्याकडे पोचली. तीन वर्षांत नाझी सत्तेवर आले. अशी कला ‘अधःपतित’ ठरू लागली. डोर्नरने चित्रे तळघरात ठेवली. १९३५ मध्ये, मालेविच गेला त्याच वर्षी, न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा संचालक आल्फ्रेड बार तिथे आला. त्याने काही कामे डोर्नरकडून विकत घेतली, बरीचशी उसनी म्हणून नेली. कस्टमच्या नजरेतून सुटावीत म्हणून त्याने दोन कॅनव्हास छत्रीत गुंडाळून सीमेपार नेले, असे सांगतात. पांढऱ्यावरचा पांढरा चौकोन अमेरिकेत पोचला तो याच खेपेत. १९३६ च्या त्याच्या क्युबिझम व अमूर्त कलेवरील प्रदर्शनात ही चित्रे लागली. डोर्नरलाही पुढे जर्मनी सोडावी लागली. जाताना त्याने एक चित्र आणि एक रेखाटन सोबत नेले. उरलेला साठा हेरिंगकडे परत आला.

हेरिंगने तो युद्धभर सांभाळला, बॉम्बवर्षाव वाढला तेव्हा दक्षिणेला आपल्या गावी, बिबेराखला हलवला. बर्लिनमधले फॉन रीझेनांचे घरही बॉम्बमध्ये सापडले. हस्तलिखितांचा मोठा भाग तरीही वाचला. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाचा संचालक विलेम सांडबर्ग १९५० च्या दशकात हेरिंगकडे वारंवार येऊ लागला. हेरिंग बराच काळ म्हणत होता की मी राखणदार आहे, विकायचा मला अधिकार नाही. १९५८ मध्ये, शेवटच्या आजारपणात, त्याने विक्री केली आणि त्याच वर्षी तो वारला.

मला या माणसांबद्दल आदर आहे. डोर्नर आणि हेरिंग यांनी घाबरून ती चित्रे जाळली असती तरी त्या काळात त्यांना कोणी दोष दिला नसता. बर्लिनच्या प्रदर्शनाच्या फोटोंत दिसणारी काही चित्रे आज कुठेच नाहीत. उरलेलीही तशीच गेली असती. पण सांभाळणे आणि मालक होणे यांत अंतर आहे, आणि हेरिंगला ते स्वतःलाच कळत होते. नाहीतर त्याने इतकी वर्षे नकार दिला नसता.

वारसांचा दावा

सोव्हिएत राजवटीत वारसांना काही करणे शक्यच नव्हते. १९९० च्या दशकात क्लेमेन्स टूसाँ या जर्मन कलासंशोधकाने वेगवेगळ्या देशांत विखुरलेले कुटुंबीय शोधून एकत्र आणले. १९९९ मध्ये न्यू यॉर्कच्या संग्रहालयाने एक चित्र आणि जाहीर न केलेली रक्कम देऊन तडजोड केली, बाकीची कामे स्वतःकडे ठेवली. डोर्नरने नेलेली दोन कामे हार्वर्डच्या बुश-रायसिंगर संग्रहालयाकडे होती. तीही त्याच वर्षी वारसांना मिळाली.

अ‍ॅमस्टरडॅम मात्र ठाम होते: आम्ही रीतसर विकत घेतले, आणि दाव्याची मुदतही उलटून गेली आहे. मग स्टेडेलिकने आपली १४ कामे २००३ मध्ये अमेरिकेतल्या प्रदर्शनांना पाठवली, आधी न्यू यॉर्कच्या गुगेनहाइमला आणि मग ह्यूस्टनच्या मेनिलला. जानेवारी २००४ मध्ये, चित्रे परत निघण्याच्या तोंडावर, वारसांनी वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात अ‍ॅमस्टरडॅम शहरावर दावा ठोकला. प्रदर्शनासाठी आलेली कलाकृती जप्त होऊ नये म्हणून अमेरिकन सरकारने संरक्षण दिलेले होते. शहराने तेच पुढे केले. २००५ मध्ये न्यायालय म्हणाले की जप्तीपासून संरक्षण आहे ते चित्रांना. त्यामुळे शहराला दाव्यापासून संरक्षण मिळत नाही. चित्रे नेदरलँड्सला परत गेली, खटला तिथेच चालू राहिला. एरवी कुठल्याच न्यायालयात न पोचणारा प्रश्न एका कर्जाऊ प्रदर्शनामुळे ऐरणीवर आला, आणि जगभरची संग्रहालये तेव्हापासून अमेरिकेला चित्रे पाठवताना जपून पाऊल टाकू लागली.

एप्रिल २००८ मध्ये तडजोड झाली. पाच महत्त्वाची चित्रे वारसांना, उरलेला संग्रह स्टेडेलिकला, आणि त्यावरची शहराची मालकी वारसांना मान्य. ही वाटणी मला न्याय्य वाटते. संग्रह फुटला नाही, मालेविचचा विचार एका जागी सलग पाहता येतो, आणि कुटुंबाचा हक्क होता हेही कागदावर आले. यांत खंत एवढीच की परत मिळालेल्या पाचांपैकी १९१६ ची एक सुप्रिमॅटिस्ट रचना त्याच वर्षी नोव्हेंबरात सोदबीजच्या लिलावात ६ कोटी डॉलरला गेली आणि २०१८ मध्ये क्रिस्टीजमध्ये ८ कोटी ५८ लाख डॉलरला पुन्हा विकली गेली. वारसांनी विकले यात वावगे काही नाही; चित्र त्यांचेच होते. पण कोणीही तिकीट काढून पाहू शकत होते असे एक चित्र खाजगी हातात गेले, हेही खरे.

न्यू यॉर्कमध्ये पांढऱ्या चौकोनाच्या नोंदीत आज लिहिलेले असते की १९३५ ची प्राप्ती १९९९ मध्ये मालेविचच्या वारसांशी झालेल्या कराराने कायम झाली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तक्ते आहेत, चित्रे आहेत आणि फॉन रीझेनकडून आलेले कागदही आहेत. त्याच्या लेखनाची रशियन, जर्मन आणि इंग्रजी संपादने गेल्या साठ वर्षांत निघत राहिली, आणि बर्लिनला त्याने सांगितल्याप्रमाणे अभ्यास आधी, भाषांतर नंतर, हा क्रम त्यांतल्या चांगल्या संपादकांनी पाळला आहे.